टेकडीवर झाडं लावणं म्हणजेच निसर्गशिक्षण?

‘मुलांना टेकडीवर नेऊन प्रत्येकी एक रोप लावायला द्या, तेच खरं निसर्गशिक्षण’ असं कुणीतरी लिहिलंय. मुलांना टेकडीवर न्यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण रोप कुठे लावायचं नाही, हे आधी शिकवायला हवं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं तेही चांगल्या हेतूनेच. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड भराभर वाढतं, गुरं फारसं खात नाहीत, त्यामुळे टेकडी हिरवी दिसते एवढंच, पण मूळचं गवताळ रान त्याखाली जातं. आपल्याकडे मोकळं गवताळ रान म्हणजे ‘पडीक’! पुणे जिल्ह्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा टिकलाय तो अशाच ‘पडीक’ माळावर.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका गटाबरोबर वेताळ टेकडीवर जात होतो. पहिले दोन रविवार नुसती गवतं ओळखण्यात गेले. कुसळी लगेच कळते (मोज्यांना विचारा), पवना आणि मारवेल मात्र मला अजूनही फुलोरा आल्याशिवाय सांगता येत नाहीत. तिसऱ्या रविवारी गिरिपुष्पाची रोपं उपटली. हे झाड नुसतं तोडलं की बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, म्हणून जमीन ओली असतानाच लहान रोप मुळासकट काढायचं. उन्हाळ्यात तेच करायला गेलात तर हातात फक्त शेंडा येतो. माझ्या भाच्याने त्या दिवशी चाळीसेक रोपं उपटली. घरी आल्यावर त्याच्या आजीला ते काही केल्या पटेना: ‘झाडं उपटायला गेला होतास?’