फुफ्फुसात व्हायरस सोडून सीएफ बरा होते का?

मानेवाड्याचा मामा:
भाच्याले सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) आहे, जन्मापासूनचा आजार, छातीत चिकट कफ साचते. सहा वर्षाचा पोरगा. लहान होता तेव्हा बहीण म्हणे याचा पापा खारट लागते, आम्ही हसायचो, मग घामाची टेस्ट झाली अन् कळलं. आता व्हॉट्सॲपवर आलं का व्हायरसमधून चांगला जीन छातीत सोडतात अन् पोरगं बरं होते. खरं आहे का बाप्पा? साध्या सर्दीनं ज्याले महिनाभर खोकला राहते त्याच्यात व्हायरस काऊन सोडायचा?

लॅबवाली:
दादा, अर्धं खरं आहे. व्हायरसमधला आजार करणारा भाग काढून टाकतात, तो फक्त डिलिव्हरीवाला. 1989 मध्ये या आजारात बिघडणारा सीएफटीआर जीन सापडला, 1993 ला ॲडिनोव्हायरसची, म्हणजे सर्दीवाल्या एका व्हायरसची, माणसावर ट्रायलपण झाली, लोकांना वाटलं आता झालंच. पण बाहेरचं आत येऊ न देणं हेच तर फुफ्फुसाचं काम, त्यात सीएफचा कफ म्हणजे फेविकॉल, व्हायरस तिथंच अडकते. पोचला तरी त्या पेशी काही महिन्यांनी झडतात, परत डोस द्यायला जा तर तोवर शरीरानं त्याला ओळखून ठेवलेलं असते, दारातच अडवते.

मानेवाड्याचा मामा:
मग दुसरा व्हायरस घ्या न.

लॅबवाली:
एएव्ही नावाचा आहे, गरीब आहे बिचारा, पण त्यात जागा डीएनएच्या साधारण 4,700 अक्षरांची अन् सीएफटीआर जीनचा नुसता मजकूरच 4,400 च्या वर, जीन चालू करायचं बटण कुठं ठेवायचं? ॲक्टिव्हावर गोदरेजचं कपाट नेल्यासारखं होऊन राहिलं ते. लेंटीव्हायरसमध्ये जागा बरीच जास्त, तो जीन पेशीच्या डीएनएतच बसवते म्हणून टिकायची आशा, पण भलत्या जागी बसला तर कॅन्सरची भीती. अजून ट्रायलवरच आहे सगळं.

धरमपेठची आई:
भाऊ, जीन थेरपीच्या नावानं कोणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. आधी म्युटेशनचा, म्हणजे जीनमधल्या बिघाडाचा, रिपोर्ट काढा. एफ508डेल नावाचा बिघाड असेल तर तीन औषधांची एक गोळी आहे, 2019 ला अमेरिकेत मंजूर झाली, जीन बदलत नाही पण बिघडलेलं प्रोटीन कामाला लावते. किंमत मात्र बसून ऐका. आणि मे महिना आला, या पोरांचं मीठ घामातून भसाभस जाते, माझी मुलगी एकदा शाळेतच गळून पडली कारण टीचरनं मिठाच्या पाण्याची बाटली दप्तरातच ठेवायला लावली. आता चिठ्ठी देते, डब्यात मीठ लावलेली कैरीपण.

मानेवाड्याचा मामा:
रिपोर्ट सापडला ताई, बहिणीनं फाइलमध्ये मागं लावून ठेवला होता. एफ508डेल, दोनदा लिहून आहे. दोनदा म्हणजे?

धरमपेठची आई:
एक आईकडून, एक बाबांकडून. तोच कागद घेऊन जा डॉक्टरांकडे.