आयर्लंडच्या महादुष्काळाच्या गावोगावच्या आठवणी: तुम्ही काय ऐकलंत?

१८४५ ला बटाट्यावर करपा पडला. १८५२ पर्यंत आयर्लंडमधली सुमारे १० लाख माणसं भुकेनं आणि तापानं गेली, त्याहून जास्त परदेशी गेली. तिथल्या खेड्यांत राहणाऱ्या मराठी मंडळींनी शेजाऱ्यांकडून ऐकलेलं इथे लिहावं. थोडकं असलं तरी चालेल.

स्किबरीन, काउंटी कॉर्क
मी इथे वृद्धाश्रमात नर्स आहे. ॲबीस्ट्रॉरीच्या दफनभूमीत ८ ते १० हजार माणसं सामूहिक खड्ड्यांत पुरलीत. वर नुसतं गवत. एका आजींना विचारलं, तुमच्या घरातलं कुणी? "आमच्यात नाही गं, पलीकडच्या वाडीत." पलीकडच्या वाडीतले आजोबा म्हणाले, "आमच्यात नाही, टेकडीमागे." दुष्काळ सगळ्यांना ठाऊक, पण स्वतःच्या घरातला कुणी सांगत नाही. तळाला बिजागरी लावलेल्या शवपेटीबद्दल मात्र सगळे बोलतात. प्रेत खड्ड्यात सोडायचं, पेटी पुढच्यासाठी परत न्यायची. मला वाटतं, ही लाज आहे. उपाशी मेलेल्यांची नव्हे, आपण जगलो याची.

काउंटी क्लेअर
बर्रनच्या खडकाळ माळावर दुष्काळी कामातले रस्ते दाखवतात. १८४६-४७ च्या हिवाळ्यात अर्धपोटी बायामुलंसुद्धा खडी फोडत होती. मजुरी उशिरा मिळायची, तोवर धान्य आणखी महाग झालेलं असायचं. माझ्या आजीनं १९७२ ला माण तालुक्यात खडी फोडली, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. इथे अमेरिकेतून पिवळा मका आला होता. शेजारच्या काकांना हे सांगितलं, तर ते तासभर आजीबद्दलच विचारत राहिले.

काउंटी मेयो
मार्च १८४९ मध्ये लुईसबर्गहून उपाशी माणसं मदतीच्या आशेनं डेल्फी लॉज या शिकारबंगल्यापर्यंत चालत गेली. वाटेत कितीतरी मेली. डूलॉखच्या दरीत त्यांचं स्मारक आहे.

काउंटी रॉसकॉमन
डॉक्टर म्हणून लिहितो. निव्वळ भुकेपेक्षा रोगांनी जास्त माणसं नेली: टायफस, उलटून येणारा ताप, हगवण, १८४९ ला कॉलरा. पहिले दोन ताप उवांमुळे पसरतात, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण लांब राहायचं, एवढं लोकांना कळलं होतं. लांब दांड्याच्या फावड्यावर अन्न ठेवून ते खिडकीतून आत सरकवायचे. घरातले सगळे गेले, की छप्पर त्यांच्यावरच पाडायचे. १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना विचारून असल्या गोष्टी वहीत उतरवल्या. त्या वह्या 'दूखस' संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आपल्या वाडीचं नाव टाकून शोधा.