श्रूड आणि चिचुंद्री

इंग्रजी 'श्रूड'ला (shrewd) मराठीत 'धूर्त' म्हणायचं की 'चाणाक्ष', या वादात ही माझी थोडी भर. हा शब्द निघालाय 'श्रू'वरून (shrew), म्हणजे चक्क आपली चिचुंद्री! तिचा चावा विषारी, अशी इंग्लंडात जुनी समजूत (अगदीच खोटी नाही, काही जातींची लाळ खरंच विषारी असते). त्यामुळे 'श्रू' म्हणजे दुष्ट माणूस आणि 'श्रूड' म्हणजे दुष्ट, खोडसाळ. 16व्या शतकाच्या सुमारास अर्थ सरकत 'कावेबाज'वर आला आणि पुढे चक्क कौतुकाचा झाला. आपल्या 'धूर्त'ला मात्र संस्कृतातल्या ठकाचा वास अजून येतो. म्हणून घासाघीस करून नेमका सौदा साधणाऱ्या आमच्या काकांना मी 'चाणाक्ष'च म्हणेन. 'धूर्त' म्हटलं तर चहासुद्धा मिळायचा नाही.