मदत हवी आहे : चौकात गाड्या वाढल्या की रुग्णवाहिकेचा संदेश हरवतो

नमस्कार मंडळी,

बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट व्हॅनेटवर घेतलाय, म्हणजे गाड्यांनी मोबाईल टॉवरशिवाय रेडिओवरून एकमेकींशी थेट बोलायचं. गेल्या पावसाळ्यात स्वारगेटच्या चौकात एक रुग्णवाहिका अडकलेली पाहिली. हॉर्नच्या गोंगाटात सायरन नेमका कुठून येतोय हेच पुढच्यांना कळत नव्हतं. ३०० मीटर आधी सूचना मिळाली असती तर लोकांनी वाट नक्की दिली असती. तेव्हाच हा विषय ठरला.

ओपनस्ट्रीटमॅपवरून स्वारगेट ते टिळक रस्ता हा भाग घेतलाय. सगळं संगणकावरच चालतं: वाहतूक सुमो या सिम्युलेटरमध्ये, गाड्यांमधलं नेटवर्क व्हेन्स या सिम्युलेटरमध्ये. रेडिओ ८०२.११पी (गाड्यांसाठीचा वायफायचा प्रकार), १० मेगाहर्ट्झचा चॅनल, वेग ६ एमबीपीएस. इमारतींचे अडथळेही घातलेत. सुरुवातीला सगळ्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावत होत्या, कारण नकाशा बदलून घेताना लेफ्टहँडचा पर्याय राहिला होता. मग दुचाकींसाठी लॅटरल रेझोल्यूशन, म्हणजे एकाच लेनमध्ये आडवं सरकू देणारा पर्याय, सुरू केलं. त्या फटींतून पुढे सरकून सिग्नलला झेब्राच्या पट्ट्यांवर गोळा व्हायला लागल्या, तेव्हा कुठे तो आपला चौक वाटला.

अडचण अशी: ५० गाड्या असताना रुग्णवाहिकेचा संदेश सगळ्यांना मिळतो. दुचाकी धरून ३०० झाल्या की फारच थोड्यांपर्यंत पोचतो. प्रत्येक गाडी आपली जागा सांगणारा ३०० बाइटचा संदेश सेकंदाला १० वेळा पाठवते.

सर म्हणतात, दुचाकी काढून टाक, नाहीतर पोर्तुगालमधल्या पोर्टोसारखं फक्त बसना रेडिओ लाव. तिथे बस आणि कचरागाड्या मिळून ६०० हून जास्त वाहनांचं जाळं उभं राहिलं. पण ते प्रवाशांना वायफाय द्यायला आणि शहराची माहिती गोळा करायला होतं. तिथे थोडा उशीर चालतो, रुग्णवाहिकेला नाही चालत. आणि दुचाकी वगळून पुण्याचा चौक दाखवणं मला पटत नाही.

माझं मॉडेल चुकतंय, की खरंच असं होतं?

प्रतिसाद १

मॉडेल बरोबर दिसतंय. हिशेब करून बघा. ३०० बाइट म्हणजे २४०० बिट, ६ एमबीपीएसला ०.४ मिलिसेकंद. सुरुवातीचा भाग आणि मधली थांबण्याची वेळ धरून साधारण ०.५. ३०० गाड्या गुणिले १० म्हणजे ३००० संदेश, म्हणजेच एका सेकंदात दीड सेकंदाचं बोलणं! सगळ्या एकमेकींच्या टप्प्यात असतील तर ते मावणारच नाही.

दोन गोष्टी करा. एक, रोजचे संदेश आणि रुग्णवाहिकेचा संदेश एकाच प्राधान्याने जातायत का ते तपासा. पाठवण्याआधी किती थांबायचं याचा आकडा प्रत्येक गाडी यदृच्छेने निवडते, आणि प्राधान्याच्या सर्वात वरच्या वर्गात तो ० ते ३ मधूनच निवडला जातो. सगळ्याच गाड्या तिथे घुसल्या तर दोघींचा आकडा सारखा येऊन टक्कर होणारच. शिवाय सर्वांसाठी सोडलेल्या संदेशाला पोच नसते, गेला तो गेला. तो वर्ग फक्त रुग्णवाहिकेला ठेवा आणि तिचा संदेश दोन-तीनदा पाठवा.

दुसरं, सेकंदाला १० हा दर काढून टाका. युरोपच्या नियमात गाडी ४ मीटर सरकली, दिशा ४ अंशांनी बदलली किंवा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने बदलला, तरच नवा संदेश जातो; नाहीतर सेकंदाला एकच. सिग्नलला तुमच्या बहुतेक गाड्या उभ्याच आहेत ना?

धागाकर्ती

खूप आभार! दोन्ही संदेश एकाच प्राधान्यावर होते, तुमचा अंदाज बरोबर निघाला. ते बदलून ४ मीटरचा नियम घातला आणि रात्री ३०० गाड्यांवर चालवलं. लाल सिग्नल असेपर्यंत रुग्णवाहिकेचा संदेश जवळजवळ सगळ्यांना मिळतोय. दुचाकी एकही काढली नाही.

आता एकच राहिलं. हिरवा लागला की सगळ्यांचा वेग एकदम बदलतो आणि पहिली काही सेकंदं संदेशांची पुन्हा गर्दी होते. तेवढ्यापुरता वेगाचा निकष सैल केला तर चालेल का? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा, सोमवारी सरांना दाखवायचंय.