एचएसए खात्यासह जास्त डिडक्टिबलची योजना: बाळंतपणाच्या वर्षी घ्यावी का?

एडिसनकर

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि माझ्या कंपनीत 2026 सालासाठीच्या आरोग्य विम्याची निवड या महिनाअखेरपर्यंत करायची आहे. आजवर पीपीओ (नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडे स्वस्त पडणारी, पण बाहेरच्यांकडेही जाता येणारी) योजनाच पुढे चालू ठेवत आलो. तिचा कुटुंबाचा प्रीमियम दरमहा 460 डॉलर, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्यापूर्वी वर्षाला आपण भरायची रक्कम) 1,000, त्यापुढे 20 टक्के आपण भरायचे आणि वर्षभरात खिशातून जाणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा 5,000 डॉलर. एचएसए (उपचारांच्या खर्चासाठीचे करमुक्त बचत खाते) जोडलेल्या दुसऱ्या योजनेचा प्रीमियम 240, डिडक्टिबल 4,000, त्यापुढे तेच 20 टक्के, कमाल मर्यादा 8,000 आणि कंपनी खात्यात वर्षाला 1,200 डॉलर घालते. विमा कंपनी आणि डॉक्टरांचे नेटवर्क दोन्हीकडे एकच आहे.

पत्नीची प्रसूती मार्चमध्ये अपेक्षित आहे आणि थोरल्या मुलीला दमा असल्याने तिचा इनहेलर रोजचा आहे. अशी योजना तरुण, निरोगी माणसासाठीच असते असे ऑफिसात सगळे सांगतात. इस्पितळाचा खर्च डोळ्यांसमोर दिसत असताना ती घेणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण तर होणार नाही ना? जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

हिशेबी

डिडक्टिबलच्या आकड्याने माणूस बिचकतो, कारण ते बिल घरी येते. प्रीमियम मात्र पगार हातात पडण्यापूर्वीच कापला जातो आणि म्हणून तो खर्च वाटत नाही. तुलना करायची ती वर्षाच्या एकूण खर्चाची, आणि तीही सर्वांत वाईट वर्ष गृहीत धरून.

तुमच्या पीपीओत प्रीमियमचे 5,520 आणि कमाल मर्यादेचे 5,000 मिळून 10,520 डॉलर होतात. दुसऱ्या योजनेत 2,880 अधिक 8,000, त्यातून कंपनीचे 1,200 वजा केले की 9,680. म्हणजे दोन्हीकडे मर्यादा गाठली गेली तरी एचएसएची योजना 840 डॉलरने स्वस्तच पडते. मधले वर्ष घ्या: वाटाघाटीने ठरलेल्या दरांप्रमाणे एकूण बिले 8,000 डॉलरची झाली, तर पीपीओत सर्व मिळून 7,920 आणि इकडे 6,480. कोपे (डॉक्टरभेट किंवा औषधामागे भरायची ठरावीक रक्कम) वेगळे असतील तर आकडे हलतील, पण तुम्ही दिलेल्या अटींप्रमाणे खिशातून जाणाऱ्या रकमेतला फरक 3,000 च्या वर जात नाही, आणि प्रीमियममधली बचत व कंपनीची रक्कम मिळून 3,840 होतात. तरुण आणि निरोगी असण्याचा येथे काहीही संबंध उरत नाही.

त्यावर करबचत वेगळी. 2026 साठी एचएसएत पैसे घालण्याची कुटुंबाची मर्यादा 8,750 डॉलर आहे. त्यात कंपनीचे 1,200 धरलेले असल्यामुळे तुम्ही 7,550 पर्यंत घालू शकता. रक्कम पगारातूनच वळती करावी, कारण मग आयकराबरोबर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा करही वाचतो. आपण होऊन परस्पर भरल्यास केवळ आयकराची वजावट मिळते.

मीनाक्षी_जेसी

वरचा हिशेब बिनचूक आहे. तुमची खरी अडचण महिन्याची आहे, कारण मार्चपर्यंत खात्यात फार तर दोन-अडीच महिन्यांची कपात जमलेली असेल. एफएसएमध्ये (कंपनीमार्फत वर्षापुरती रक्कम ठरवून घ्यायचे करमुक्त खर्च खाते) वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, तर एचएसएत जेवढे जमा तेवढेच हाती. त्यातच बाळंतपणाची बिले एकगठ्ठा येतात: प्रसूतितज्ज्ञ बहुधा गरोदरपणातल्या तपासण्यांसह एकच रक्कम प्रसूतीनंतर लावतात, इस्पितळ आणि भूलतज्ज्ञ आपापली बिले पाठवतात, आणि बाळाच्या नावाने जन्मापासून वेगळे बिल सुरू होते. हाताशी चार-पाच हजार डॉलर मोकळे असतील तर चिंता नाही. नसतील तर इस्पितळाकडे हप्ते मागावेत. ते पुष्कळदा बिनव्याजी मिळतात. स्वतःच्या खिशातून भरून पुढे खात्यात पैसे साठले की परत घेण्यालाही मुदतीचे बंधन नाही, पावत्या मात्र जपाव्या लागतात. खाते उघडण्यापूर्वी झालेला खर्च चालत नाही, म्हणून योजना सुरू होताच ते उघडून घ्या.

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही राज्ये एचएसएला करसवलत देत नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे करबचत धरताना फक्त केंद्रीय कर धरावा. आणि पत्नीच्या कंपनीत वैद्यकीय एफएसए घेतलेली नाही ना, हे आजच विचारा. ती साधी एफएसए असेल तर तुमच्या खर्चालाही लागू होते आणि तुमची एचएसएची पात्रता जाते. पाळणाघरासाठीची एफएसए चालते.

इनहेलरबद्दल: 2019 पासून दम्यावरील स्टेरॉइडचे इनहेलर डिडक्टिबलपूर्वीही देण्याची मुभा योजनांना आहे. ती मुभा आहे, सक्ती नव्हे. त्यामुळे योजनेच्या औषधयादीत तुमच्या इनहेलरचे नाव शोधावे. मुलांच्या लसी आणि नेहमीच्या प्रतिबंधक तपासण्यांना डिडक्टिबल लागतच नाही.

एडिसनकर

दोघांचेही मनापासून आभार. पत्नीने पुढील वर्षासाठी 2,000 डॉलरची एफएसए नुकतीच निवडली होती. तिच्याही कंपनीत निवडीची मुदत संपलेली नसल्याने ती आज रद्द केली. आणखी एक विचारतो: मदतीला साताऱ्याहून सासू-सासरे येत आहेत. त्यांचा प्रवासी विमा किंवा औषधोपचार या खात्यातून भरता येईल का?

हिशेबी

नाही. खाते तुमच्यासाठी, पत्नीसाठी आणि करविवरणात अवलंबून म्हणून दाखवता येणाऱ्यांसाठी आहे. भारतात राहणारे सासू-सासरे त्यात बसत नाहीत. 65 वर्षांच्या आधी इतर कारणासाठी पैसे काढले तर आयकर आणि वर 20 टक्के दंड बसतो. त्यांच्यासाठी वेगळा विमा घ्यावा, आणि घेताना जुन्या आजारांच्या अटी वाचाव्यात. उलट दिशेने मात्र वाट मोकळी आहे: साताऱ्याला गेल्यावर तुम्ही स्वतःच्या दाताचे रूट कॅनाल करून घेतलेत, तर तो खर्च एचएसएतून चालतो. डॉक्टरांकडून तारीख, उपचार आणि रक्कम लिहिलेली पावती घ्या.

मीनाक्षी_जेसी

मनुष्यबळ विभागाला एक प्रश्न आवर्जून विचारा, की 1,200 डॉलर जानेवारीत एकदम जमा होतात की दर पगाराला थोडे थोडे. एकदम मिळत असतील तर मार्चच्या बिलांना तेवढा आधार होईल. नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीची स्वतःची कपात वाढवून ठेवा आणि एप्रिलपासून कमी करा. एचएसएची कपात वर्षाच्या मध्येही बदलता येते.