‘खुलासा’, ‘वाच्यता’ की नुसतं ‘सांगितलं’?

(तिघींच्या नावांऐवजी त्यांची गावं लिहिली आहेत.)

पुसद: बचतगटांसाठी पत्रक करतो आहोत. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईनं स्वतःच फेसबुकवर ते लिहिलं, तर त्याला काय म्हणायचं? बातम्यांत ‘खुलासा’ असतो.

वडसा: खुलासा नको, ताई. ग्रामसेवकाला पंचायत समितीचं पत्र येतं, ‘तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा’. म्हणजे ज्याच्यावर ठपका, त्यानं खुलासा करायचा. ‘उघड करणं’ हा दुसरा अर्थ हिंदी बातम्यांतून आला. ‘कबूल केलं’ तर मुळीच नको.

आर्वी: ‘वाच्यता’?

वडसा: तो बहुतेक नकारातच सापडतो: ‘कुठं वाच्यता करू नको.’ तिला गप्प बसवायचा शब्द तिच्याच बोलण्याला कसा लावायचा? ‘वाचा फोडली’मध्ये कर्ता दुसराच, अन्यायाला वाचा पत्रकार फोडतो. ‘गौप्यस्फोट’ पुढाऱ्यांना राहू द्या.

आर्वी: मग ‘सांगितलं’च बरं. ‘तिनं फेसबुकवर सांगितलं.’ नाम हवंच कशाला? क्रियापदात करणारी ती राहते.

पुसद: पटलं. आणि ‘सर्व्हायव्हर’ला ‘वाचलेली’?

आर्वी: पुरातून वाचल्यासारखं वाटतं, ताई. फिर्याद तिनंच दिली असेल तर पोलिसांच्या कागदात ती ‘फिर्यादी’, बातमीत ‘पीडिता’. पत्रकात ‘अत्याचार झालेली बाई’ लिहा. लांब आहे, पण कळतं.

वडसा: शब्दाइतकंच नावाचं बघा. भारतीय न्याय संहितेचं कलम 72: नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापलं, प्रसिद्ध केलं तर 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सज्ञान बाईची स्वतःची लेखी परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. तिनं मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं, म्हणजे गावच्या ग्रुपवर टाकायची परवानगी दिली असं नाही. आठशे वस्तीच्या गावात ‘बारावीतली, आटाचक्कीजवळची’ एवढं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच. मुलगी 18च्या आतली असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 लागतं. तिथं ओळख उघड करायला विशेष न्यायालयाची परवानगी लागते, आईबापांची चालत नाही.

72चं हे कलम आलं कुठून, तर आमच्याच देसाईगंज (म्हणजे वडसा) ठाण्यातल्या 1972च्या प्रकरणातून. ठाण्यात आलेल्या मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो खटला. 1978ला सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, 1979ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आंदोलन पेटलं, आणि 1983च्या दुरुस्तीत जुन्या भारतीय दंड संहितेत ओळख लपवायचं कलम 228अ आलं. तेच आता 72. खटला मात्र अजून त्या मुलीच्या नावानंच ओळखतात. म्हणून मी इथं नाव न घेता ‘देसाईगंज ठाण्यातलं प्रकरण’ लिहिलं.

पुसद: पत्रकातल्या नमुना पोस्टमध्ये गाव आणि वर्ग होता. दोन्ही खोडले. ‘खुलासा’ही.