गाडी धुतल्यावर पुसता कशी? डाग आणि ओरखडे टाळायचे आपापले अनुभव लिहा

टँकरग्रस्त
वाघोलीत राहतो, सोसायटीत बोअर नाहीतर टँकरचं पाणी, आणि गाडी घेतली काळी (हौस!). रविवारी धुतली आणि चहा पिऊन खाली आलं की बॉनेटभर पांढरे ठिपके, आणि तिरप्या उन्हात बघितलं तर बारीक गोल गोल ओरखडे. कुठला शांपू, कुठलं प्रेशर वॉशर यावर लोक तासभर बोलतात, पुसायचं कसं ते कोणी सांगत नाही. तर तुम्ही काय वापरता, कसं पुसता, काय बंद केलंत ते लिहा. पांढरी गाडीवाल्यांनी "आमच्यावर काही दिसत नाही" एवढंच लिहून पळू नये.

क्लचप्लेट
ठिपके आणि ओरखडे ही दोन वेगळी दुखणी आहेत राव. ठिपके पाण्याचे, ओरखडे फडक्याचे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार असतात, पाणी उडून जातं आणि क्षार पत्र्यावर बसतात, वर ऊन मिळालं की घट्टच. टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, एकदा बुडवून बघा. पिण्याच्या पाण्याला बीआयएसने (भारतीय मानक ब्युरो) लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरलंय आणि पुण्याच्या कडेच्या बऱ्याच सोसायट्यांत आकडा त्याच्या वर जातो.
आता मुद्द्याचं. पाणी वाचवायचं म्हणून आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात बरेच जण. हेतू चांगला, पण मशीनने चांगल्या पाण्यातले क्षार काढून त्याच पाण्यात ढकललेले असतात, म्हणजे मूळ पाण्यापेक्षा ते जड. त्याने झाडू-फरशी करा. गाडीवर शेवटचा हात फिरवायला एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी घ्या, ते हवेतली ओल गारठून झालेलं असतं, क्षार जवळपास नाहीतच. कपड्यातून गाळून घ्यायचं कारण कॉइलवरची धूळ येते. मुंबईत दमट हवेत बादली सहज भरते, पुण्यात मे महिन्यात जरा वाट बघावी लागेल.
बसलेल्या ठिपक्यांना साधं पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी घालून, सावलीत, मिनिटभर ठेवून धुऊन टाका. त्याने वॅक्सही जातं थोडं, तेव्हा दर रविवारी नको.

जांभ्याचा_चिरा
आमच्याकडे रत्नागिरीत मे महिन्यात तांबडा धुरळा असा बसतो की गाडीचा मूळ रंग आरसी बुकात बघावा लागतो. कोरडं फडकं मारायचं नाही म्हणजे नाही. आधी नुसत्या पाण्याने माती वाहू द्यायची, मग शांपू, मग परत पाणी, आणि मगच पुसणं. पुसताना छपरापासून खाली यायचं. दाराचा खालचा भाग आणि चाकाच्या कमानी यांना वेगळं फडकं, ते फडकं चुकून वर गेलं की संपलं. आणि फडकं जमिनीवर पडलं ना, तर झटकून परत वापरू नका, वाळूचा कण धाग्यात अडकतो तो झटकून निघत नाही.

झब्बू_क्वीन
मायक्रोफायबर मायक्रोफायबर सगळे म्हणतात पण ते धुतं कोण? आमच्याकडे नवऱ्याने चांगला जाड बाराशे जीएसएमचा (चौरस मीटरला बाराशे ग्रॅम) टॉवेल मागवला, आणि सुटीच्या दिवशी माझ्या टर्किश टॉवेलांबरोबर मशीनमध्ये, वर कंडिशनर! मायक्रोफायबरला कंडिशनर लावला की धाग्यांवर थर बसतो, मग तो पाणी पीत नाही, नुसतं इकडचं तिकडे ढकलतो आणि रेघा त्याच्याच उठतात. शिवाय सुती कपड्यांचे तंतू त्यात अडकून बसतात ते वेगळंच. वेगळा धुवायचा, साधी लिक्विड साबण, गार पाणी, सावलीत वाळवायचा, इस्त्री नाही. आणि कडेचं लेबल कात्रीने कापा हो, तेच पत्र्यावर घासतं.
जुनी बनियन आणि पिवळं फडकं यांना मात्र टाटा. बनियनच्या शिलाया टोचतात.

पद्मिनीवाले काका
बाळांनो, तुमचा टॉवेल तुम्हाला लखलाभ. मी अजून शॅमीनेच पुसतो, खऱ्या चामड्याच्या. कोरडी असते तेव्हा पापडासारखी कडक, म्हणून आधी भिजवून पिळायची, मग दोन टोकं धरून बॉनेटवर पसरायची आणि अलगद स्वतःकडे ओढायची. दाबायचं नाही, तिच्या वजनाने काय येईल ते येऊ दे. पुन्हा पिळा, पुन्हा ओढा. काच तर अशी होते की दुसरं काही लागत नाही.

क्लचप्लेट
काका, आदर आहेच, पण शॅमी सपाट असते, एखादा कण राहिला असेल तर तो तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये फरफटत जातो. टॉवेलच्या लुपांत तो निदान आत शिरतो. रंगावरचा पारदर्शक थर, क्लियर कोट, असतो ४०-५० मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षा कमी, दरवेळी पॉलिश करून ओरखडे काढत बसलं तर तोच संपतो.

पद्मिनीवाले काका
कण राहिला तर धुतली कशी म्हणायची मग?

बी_विंग_पार्किंग
काकांना +१. पण आमच्यासारख्यांचं काय, गाडी धुणारे दादा पहाटे येतात, एक बादली, एक फडकं आणि अख्ख्या विंगच्या गाड्या. त्यांना बोलून उपयोग नाही, महिन्याला मिळतात किती त्यांना, प्रत्येक गाडीला नवं पाणी आणतील कुठून. मी स्वतःची दोन फडकी डिकीत ठेवलीत, एक वरचं एक खालचं, आणि दादांना सांगितलंय की रोज नको, आठवड्यात दोनदाच, पण भरपूर पाण्याने. पैसे तेवढेच. ते खूश, रंगही खूश.

श्टुटगार्टचा_शेजारी
इथे जर्मनीत बऱ्याच गावांत घरासमोर गाडी धुताच येत नाही, साबण-तेल जमिनीत जातं म्हणून. नाणी टाकायच्या वॉशबॉक्समध्ये जायचं. तिथे शेवटचा प्रोग्रॅम असतो ऑस्मोसिसच्या पाण्याचा, क्षार काढलेलं, तेवढं मारून निघून जायचं, पुसायचंच नाही, थेंब आपोआप वाळतात आणि डाग नाही. क्लचप्लेटनी लिहिलेलं एसीचं पाणी म्हणजे तेच, फुकटात.

गिअर_न्यूट्रल
होजपाइपचं नोझल काढा आणि छपरावर मंद धार सोडा, पाणी एकत्र होऊन चादरीसारखं घसरतं आणि अर्ध्याहून जास्त स्वतःच जातं. फरशीचा वायपर गाडीवर चालवणारे बघितलेत, नका हो. आरसे, हँडल, नंबरप्लेट, पेट्रोलचं झाकण यांच्या फटीतून पाणी नंतर गळतं आणि पुसलेल्या दारावर ओघळ उठतात, तिथे कॉम्प्युटरची धूळ उडवायचा छोटा ब्लोअर मारतो. मग दारं उघडून कडा पुसायच्या आणि कॉलनीत एक चक्कर, दोनचार ब्रेक मारत, म्हणजे डिस्क वाळतात. ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवू नका, मागे ड्रम ब्रेक असतील तर त्यातले शू चिकटतात.

झब्बू_क्वीन
दसरा जवळ आलाय म्हणून एक राहिलंच. पूजेचं हळदकुंकू बॉनेटवर ओलं लावतात आणि मग संध्याकाळी तेच टॉवेलने खसाखसा पुसतात. आधी पाणी ओता. आणि हार काढताना ओढू नका, त्यात तार असते.